दारावरचा खोटा निंब

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही. सून म्हणते, आई, गुडघे दुखतात म्हणता अन् घरभर फिरता काहून? मी म्हणते, जुनी सवय आहे. तिला वाटतं मी असंच काहीतरी बोलते. पण खरंच ती सवय मला लागली तो महिना, ती गल्ली, सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. एकदा सांगून टाकते, म्हणजे तिचंही समाधान होईल.

लग्न होऊन मी कोंढ्याहून भंडाऱ्याला आले तेव्हा सगळ्यात आधी मला धाप लागली होती. कोंढ्याला अंगण होतं, अंगणापलीकडे धानाच्या बांध्या होत्या. इथे घराला घर चिकटलेलं, भिंतीला भिंत. सगळे विणकर. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून घरचा माणूस दिवसभर बसलेला, आणि उरलेल्या जागेत आम्ही सगळ्यांनी राहायचं. एका घरात कोणी खोकलं तर तिसऱ्या घरातून आवाज यायचा, "पानी पी व." लोक माया करायचे, नाही म्हणत नाही मी. पण मायेलाही थोडी जागा लागते की नाही?

त्यात आमचं घर म्हणजे रस्ताच. मागच्या दारासमोर विहीर होती. वरच्या गल्लीतल्या बायांना विहिरीवर जायचं तर एक तर मारुतीच्या देवळाला वळसा घालून जावं लागे, नाही तर आमच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने बाहेर. वळसा कोण घालतं? पहाटेपासून घागरी आमच्या घरातून येत-जात. मुलगी झाल्यावर तर जाताना बाया पाळण्यात डोकावत, येताना ओल्या हाताने मुलीचा गाल ओढत. मला राग येई. सासू म्हणे, "येऊ दे व. वाट आहे ते, आपल्या आधीपासूनची."

सासूला आम्ही मामीजी म्हणत असू. अंगाने लहानशी, बोलायला मऊ, पण ठरवलं की हलायची नाही.

आणि पाजणीचा दिवस असला की मग विचारूच नका. पाजणी म्हणजे नव्या सुताच्या ताण्याला भाताची पेज पाजायची. ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ्यांवर ताणलेला, आणि सगळ्या घरांतली माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंचले घेऊन उभी. एकाच्या घरची पाजणी असली तरी कामाला सगळी गल्ली. बायांचे हात रिकामे पाहिजेत, म्हणून सगळी तान्ही लेकरं देवळाच्या अंगणात, एकाच म्हातारीपाशी. चार पाळणे, आणि पाळण्यांपेक्षा लेकरं जास्त. कोणाचं बोंडलं कोणाच्या तोंडात, काही पत्ता नाही. दुपारी आपापलं लेकरू उचलून घरी आणायचं. कोणाला काही वाटत नसे. मलाही पहिल्या वेळी काही वाटलं नव्हतं.

पहिल्या वेळी, म्हणजे माझी पहिली मुलगी होती तेव्हा. ती गोवराने गेली.

हे असं एका ओळीत सांगता येतं याचं मलाच नवल वाटतं. ती वर्षाची व्हायची होती. उन्हाळ्याचे दिवस. अंगावर लाल पुटकुळ्या आल्या, थोडा ताप होता. मामीजींनी पाहिलं अन् म्हणाल्या, माता निघाली. आमच्याकडे गोवर काय, कांजिण्या काय, सगळ्यांना माताच. लहान असताना कोंढ्याला देवीची सुई टोचणारे लोक आले होते ते मला आठवतं, माझ्या दंडावर अजून वण आहे. पुढे सरकारने सांगितलं की देवी कायमची गेली. मामीजींना हे सांगितलं की त्या म्हणत, "मोठी गेली असंल. तिच्या लहान बहिनी तं आहेत ना अजून."

तर मामीजींनी दाराला कडुनिंबाची डहाळी लावली. दाराला निंब लागला की त्या घराचे नियमच बदलत. फोडणी द्यायची नाही, माग चालवायचा नाही, कारण धोट्याच्या खटखटीने मातेला त्रास होतो. बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. एकीलाच मुभा असे. जिच्या घरची माता नुकतीच निवाली, म्हणजे जिचं लेकरू गोवरातून उठलं, तिने ते लेकरू कडेवर घेऊन यायचं आणि त्या लेकराचा हात आजारी लेकराच्या अंगावरून फिरवायचा. माता ज्याच्यावर प्रसन्न होऊन गेली त्याचा हात. आमच्या गल्लीत हा मोठा उपकार समजत.

तेव्हा हा उपकार करायला आली ती शेजारीण. तिची नि आमची भिंत एक. मी सासरी आले तेव्हा मला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला हिनेच शिकवलं होतं. मुलगी झाल्यावर सव्वा महिना तिला न्हाऊ घालायला हीच येई, पायावर घेऊन, गाणं म्हणत, अर्धं पाणी स्वतःच्या लुगड्यावर सांडत. तर ती आली, कडेवर तिची थोरली. थोरलीच्या अंगावरचे डाग अजून काळे पडायचे होते, नाक वाहत होतं, खोकत होती. शेजारणीने तिचा हात धरून माझ्या मुलीच्या कपाळावरून, पोटावरून फिरवला. मी तिच्या पाया पडले.

दोन दिवसांनी पुटकुळ्या मावळल्या. घामोळं होतं नुसतं. आम्ही हसलो, निंब काढला, माग सुरू केला. आणि पुढे दहा-बारा दिवसांनी तिला खरा गोवर उठला. खोकला छातीत उतरला. दवाखान्यात नेलं तोवर ती श्वास ओढत होती.

त्या दिवसापासून मामीजींनी एकच धरून ठेवलं, "मी खोटा निंब लावला. मायले उगीच बलावलं. म्हनून ते खरी आली." मी समजावलं, यांनी समजावलं. त्या ऐकत नसत. रोज मातामायच्या ठाण्यापुढे डोकं टेकून माफी मागत. मी काय करणार होते? माझंच दुःख मला पुरून उरलं होतं.

मग दुसरी झाली. तीही मुलगीच. आता मी सांगते ते हिचं.

ती सहा महिन्यांची होती. शिमगा झाला होता. कोणाकडेही जायची, कोणालाही हसायची. मला वाटे, बाई, इतकी हसू नको, लोक उचलून नेतात. आणि लोक नेतच. मी चुलीपासून उठून बघावं तर पाळणा रिकामा. मग पाळण्यातलं लेकरू शोधत गल्लीभर हिंडायचं. एकदा मी एकीच्या हातातून हिसकावूनच घेतली तर ती म्हणे, "एवढी काय व मिजास? आमी काय खाऊन टाकतो का तिले?"

त्याच आठवड्यात वरच्या गल्लीत गोवर निघाल्याचं कळलं.

शाळेच्या व्हरांड्यात दवाखान्यातली नर्सबाई सुया टोचायला येई. गोवराची सुई तेव्हा नवीनच आली होती. मी मुलीला घेऊन धावत गेले, मामीजी मागून. नर्सबाईने वय विचारलं आणि मान हलवली.

"नऊ महिने पुरे होऊ द्या. मग आणा."

"आता काहून नाही?"

"आता दिली तर नीट लागू पडत नाही. तोवर जपा. गर्दीत नेऊ नका."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, गर्दीत मी कुठं नेते? गर्दी माझ्या घरातून विहिरीवर जाते."

ती हसली. मग माझं तोंड पाहून थांबली. पेटी बंद करता करता तिने नीट समजावलं. गोवर श्वासातून जातो, खोकल्यातून जातो. पुरळ दिसायच्या आधीपासून लागतो, आणि पुरळ उठल्यावरही काही दिवस लागत राहतो. एका खोलीत दोन लेकरं बसली तरी पुरे, हात लावायचीही गरज नाही. "आणि लगेच कळत नाही," ती म्हणाली. "आज लागला तर दहा-बारा दिवसांनी अंगावर दिसतो."

मी तिथेच उभी राहिले. दहा-बारा दिवस. मला घामोळं आठवलं, निंब आठवला, शेजारणीच्या कडेवरची खोकणारी थोरली आठवली. मी मामीजींकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांनीही ऐकलं होतं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मला दुःख झालं नाही, राग आला. असा राग की शेजारणीच्या घरातून भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला तरी माझ्या दातांवर दात बसत. ती बिचारी हाक मारी, "काय करून राहिली व?" मी उत्तर देत नसे. काय सांगणार होते? तू चांगुलपणाने आलीस आणि माझी मुलगी नेलीस, असं कोणी कोणाला तोंडावर म्हणतं का?

रागाला जागा नव्हती, म्हणून मी फिरत राहिले. या दारातून त्या दारात. पुढचं दार लावलं की बाया कडी वाजवत, "अवं, पानी न्याचं आहे." मागचं लावलं की विहिरीकडून हाका. मामीजी उठून उघडत. मी पुन्हा लावी. यांनी मागावरून मान वर करून म्हटलं, "दाराचं बिजागर निंगल, मंग काय करशील?" त्यांना सगळ्याची गंमत वाटे, किंवा भीती वाटली की ते गंमत करत. मला चीड यायची, पण आता कळतं ते कशामुळे तसं बोलत होते.

माहेरी निघून जावं म्हटलं तर एसटी खचाखच भरलेली, तिथे कोणाचं लेकरू खोकतं आहे कोणाला माहीत. शिवाय मामीजी म्हणाल्या, माता गल्लीत असताना वेस ओलांडू नये. पाजणीच्या दिवशी मी मुलीला पाठीला बांधून कुंचला हातात घेतला, त्या अंगणात ठेवली नाही. लेकरं सांभाळणारी म्हातारी इतकी रुसली की तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

आणि मग शेजारणीच्या धाकट्याला ताप आला. डोळे लाल, नाक वाहतं, दिवसभर खोकला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं. तिने दाराला निंब लावला. एका भिंतीपलीकडे तो खोकायचा आणि इकडे पाळण्यातली माझी मुलगी आवाज ऐकून हसायची. मी पाळणा ओढून दुसऱ्या भिंतीला नेला. त्या भिंतीपलीकडे तरी कोण होतं? दुसरं घर, दुसरी लेकरं.

दारात उभी होते तेव्हा एक गोष्ट डोळ्यांपुढे घडली. एक बाई रिकामी घागर घेऊन शेजारणीकडे काहीतरी विचारायला आली, निंब पाहिला, पदर डोक्यावर ओढला आणि आल्या पावली परत फिरली. तिच्यामागची दुसरीही फिरली. कोणी त्यांना अडवलं नव्हतं. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. मी आठवडाभर दारं आपटत होते ते या बायांना एका डहाळीने समजलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मातामायच्या ठाण्याजवळच्या निंबाची डहाळी तोडली. आणली आणि आमच्या दाराला लावली.

मामीजी बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं, मग पळत पाळण्यापाशी गेल्या, मुलीचं अंग उघडं करून पाहिलं. पोरगी गुटगुटीत, पाय झाडत होती. मामीजी मटकन खाली बसल्या.

"हे काय केलं व तू?"

"कोनी आत येऊ नये म्हनून," मी म्हटलं. चिडले की माझी भाषाही त्यांच्यासारखी होई.

"एक डाव खोटा लावला, तं काय झालं ते पाह्यलं ना? पुन्हा बलावते का तिले?"

"मामीजी, तुमी नर्सबाईचं ऐकलं ना? निंबाने नाही आली ते."

त्या उठून निंब काढतील असं मला वाटलं. मी दारात आडवी उभी राहिले. सासूपुढे सून अशी उभी राहत नसे त्या काळी. पण त्यांनी निंबाला हात लावला नाही. चुलीपाशी गेल्या आणि फोडणीची पळी उचलून फळीवर ठेवून दिली. मला कळलं, लबाडी करायची तर पुरी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

यांना माग थांबवावा लागला. लग्नसराईचं करवती काठाचं लुगडं मागावर होतं, अर्धं झालेलं. खड्ड्यातून वर येऊन ते घरात बसले आणि मग आम्ही दोघं अस्वस्थ झालो, कारण त्यांच्याही हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. त्यांनी कौलं शेकारली. पाळण्याची दोरी बदलली. धोटा तेल लावून पुसला, पुन्हा पुसला. एका दुपारी नकळत मागावर बसले आणि दोनदा धोटा फेकला. खट, खट. मामीजी अशा धावल्या की ते खड्ड्यातच उभे राहिले. "विसरलो ना," म्हणाले. संध्याकाळी बिनफोडणीचं वरण पाहून म्हणाले, "माता पोरीले निंगाली नाही, मले निंगाली असं वाटून राह्यलं."

पण घर थांबलं. पहाटे घागरी आल्या नाहीत. बाया देवळाला वळसा घालून विहिरीवर जाऊ लागल्या. पाळण्यात कोणी डोकावलं नाही. विहिरीवरून बाया विचारत, "कसं आहे लेकरू?" मामीजींना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणत, "मायची मर्जी." यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्या गल्लीतून मागांचा आवाज येई आणि आमचा नि शेजारणीचा माग बंद. त्या खटखटीत मी मुलीच्या कपाळाला हात लावून पाही, थोड्या वेळाने पुन्हा पाही. तिला वाटे मी खेळते आहे.

मला वाटलं, जमलं. आणि नेमकी तीच एक गोष्ट मी विसरले होते. माझं डोकं दुसऱ्या बायांच्या घागरींत अडकलं होतं. निंबाने सगळ्यांना बाहेर ठेवलं, पण निंबाने एकीला आत बोलावलं होतं.

सकाळची वेळ होती. बाहेरून शेजारणीचा आवाज आला, "मामीजी, येऊ का जी? माह्या घरची माय निवाली."

मामीजींनी सवयीने "ये माय" म्हटलं आणि म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. मी चुलीपाशी होते. मागाचा खड्डा एका ढांगेत ओलांडून दारात गेले आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

ती समोर उभी. एका हातात हळदीच्या पाण्याची वाटी, कडेवर धाकटा. पुरळ अजून वाळलंही नव्हतं. तो तिच्या खांद्यावर मान टाकून खोकत होता.

"आत नोको येऊ," मी म्हटलं.

ती हसली. "मले कायची मनाई? बाकीच्याइले मनाई. सरक, पोराचा हात फिरवते आन् जाते."

"माह्या घरी माता नाही."

"आँ?"

"नाही आहे माता. पोरगी चांगली आहे. मी उगीच लावला निंब."

तिने डहाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण तिला काही समजतच नव्हतं. "काहून?"

आणि मग माझ्या तोंडून निघालं ते निघालं. "तुह्या पोराच्या खोकल्यासाठी," मी म्हटलं. नर्सबाईने सांगितलं ते सगळं सांगितलं. श्वासातून जातो. खोकल्यातून जातो. लेकरू उठून बसलं तरी लागतो. दहा-बारा दिवसांनी दिसतो. मी हळू बोलत नव्हते. बाजूच्या घरातला माग थांबला, म्हणजे तिथेही ऐकत होते.

तिने धाकट्याचं तोंड हाताने वळवलं, माझ्याकडून दुसरीकडे. एक पाऊल मागे सरकली. वाटीतलं पाणी सांडलं ते तिला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण बघत नव्हती, मनात काहीतरी मोजत होती. शाळेच्या व्हरांड्यात मीही असंच मोजलं होतं. मला समजलं ती कुठे पोहोचणार आहे.

"मंग तेवा..." ती म्हणाली. "तेवा बी मीच आली होती ना. थोरलीले घेऊन."

किती दिवस मी या शब्दांची वाट पाहिली होती. तिला कळावं, एवढंच मला पाहिजे होतं. उत्तरही तयार होतं. हाव, तूच. एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलं होतं, मी लपवत नाही.

मामीजी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा चौकटीवरचा हात खाली केला आणि पुढे झाल्या.

"तुह्याने नाही झालं व," त्या म्हणाल्या. "मी खोटा निंब लावला होता ना तेवा. म्हनून ते आली. सारी गल्ली जानते. तू कायले आपल्यावर घेतं?"

शेजारणीचे डोळे भरले होते. मामीजी पुढे म्हणाल्या, "जाय, पोराले घरात निजव. त्याले उन्हात नोको उभं करू." ती वळली आणि गेली.

मामीजींनी नर्सबाईचं बोलणं माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं. इतकी वर्षं जे ओझं त्यांनी वाहिलं ते उतरवायची ती वेळ होती, एक शब्दही न बोलता उतरलं असतं. त्यांनी ते पुन्हा उचललं. खरंच तसं मानत होत्या म्हणून, की तिला सोडवायला म्हणून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांच्यावरही चिडले. मला वाटलं, माझ्या मुलीचं कोणालाच काही नाही, सगळ्या एकमेकींना सांभाळत बसल्या आहेत. मी मागच्या दाराशी जाऊन बसले आणि रडले. मग मुलगी रडली, म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर शेजारीण आमच्या ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून बसलेली. एकटीच. चरखा सोबत आणला होता, कांड्या भरत होती. धाकट्याला थोरलीपाशी घरात ठेवलं होतं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसांत गोवर गल्लीत फिरतच होता. वरच्या बाजूची एक बाई तिचं उठलेलं लेकरू कडेवर घेऊन आमच्याकडे आली, हात फिरवायला. मी आतून उठायच्या आधीच शेजारीण म्हणाली, "फिरला. माह्या पोराचा हात फिरला कालच. झालं, जाय आता." ती बाई गेली. एवढी देवभोळी बाई, आमच्यासाठी मातेच्या नावाने खोटं बोलली, आणि चरखा थांबवलाही नाही. दुसऱ्या घरच्यांनी तिला हात फिरवायला बोलावलं तर म्हणे, पोराला खोकला आहे, खोकला सरू द्या. लोक नावं ठेवत, हिला आता मोठेपणा आला म्हणत. पुढे त्या महिन्यात आणखी दोन-तीन दारांना निंब लागला, आणि त्या घरांतून लेकरांच्या रडण्याचा आवाज येई तो चांगला खणखणीत, भुकेचा. त्या घरांतल्या बायांना कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं.

हळूहळू गोवर ओसरला. आमच्या दारावरची डहाळी वाळून करकरीत झाली तेव्हा मामीजींनी ती काढली, मातामायपुढे ठेवली, नारळ फोडला. माग सुरू झाला. लुगडं उशिरा झालं, पण झालं. घागरी पुन्हा आमच्या घरातून जाऊ लागल्या. शेजारीण मात्र आली नाही. ओट्यापर्यंत येई, उंबऱ्याच्या आत नाही. मुलगी रांगत ओट्यावर गेली की ही आपले हात पदराखाली घेई आणि उठून जाई. मुलगी तिच्यामागे रांगे. मला दिसत होतं, आणि मी काहीच करत नव्हते. राग होताच अजून.

नऊ महिने झाले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मामीजी म्हणाल्या, मीच घेते तिला. शाळेच्या व्हरांड्यात नर्सबाईने सुई टोचली, मुलगी किंचाळली, मग तिच्या पेटीतला बर्फ बघून गप्प झाली. मी तिथल्या पायरीवर बसले. किती दिवसांनी बसले होते.

परत येताना मामीजी पुढे चालत होत्या. आमचं दार आलं, त्या थांबल्या नाहीत. त्या सरळ शेजारणीच्या घरात शिरल्या. ती चरख्यापाशी होती. मामीजींच्या कडेवर मुलगी पाहून ती उठली आणि तिने हात मागे घेतले.

"धर," मामीजी म्हणाल्या.

"नोको जी."

"सुई झाली तिची. धर."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळनंतर पहिल्यांदा. "आता मी घेतली तं चालते?" तिने विचारलं. ते तिने मला विचारलं होतं, पण उत्तर मामीजींनी दिलं.

"तुले कधी नाही चालत होतं? पहिलीले बी तूच न्हाऊ घातलं."

आणि त्यांनी मुलगी तिच्या अंगावर सोडूनच दिली, धरावंच लागेल अशी. शेजारणीने धरली. मुलीच्या डोक्यात तोंड खुपसून ती हुंदके देऊन रडली, आणि मुलगी तिच्या गळ्यातली पोत ओढत हसत होती.

माझा राग गेला का? नाही गेला. अजूनही कधीकधी कामाच्या मध्येच येतो, मग मी उठून फिरते. ती शेजारीणही गेली आता, मामीजीही गेल्या. त्या दुपारी मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून चांगला शब्द निघाला नाही. पण मुलीला मी परत मागितलं नाही. दिवे लागेपर्यंत ती तिच्याकडेच होती.